तांब्याभर पाणी

आसेगाव, १४ सप्टेंबर २०२५

उत्कर्ष,

जय भीम. तुझा फोन वाजतो आणि वाजून वाजून बंद पडतो. अठरा दिवस झाले. तुझी आई म्हणते, मीटिंगमध्ये असेल. अठरा दिवस चालणारी मीटिंग कोणत्या कंपनीत असते ते मला माहीत नाही, म्हणून शेलूबाजारला जाऊन पाकीट घेऊन आलो. पोस्टातला माणूस म्हणाला, "काका, आता पत्र कोन लिवते?" म्हटलं, ज्याचा फोन कोणी उचलत नाही तो लिहितो.

आधी सतीशरावांचं कळव. पौर्णिमा तुझ्या आईशी बोलते, तेवढंच इकडे समजतं. खुब्याचं ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, पण अजून पाय टेकवत नाहीत म्हणे. व्याही म्हणून मी त्यांना फोन करायला हवा होता. दोनदा नंबर लावला आणि पलीकडे वाजायच्या आत बंद केला. 

ते तुमच्या बाथरूममध्ये घसरून पडले त्या दिवशी तू फोनवर दोनच वाक्यं बोललास. "बाबा, तुमी पाह्यलं होतं ना? मंग मी तुमाले तिथं कायले नेलं होतं?" मी म्हटलं, मी काही इंजिनियर नाही, घर पास करणारे साहेब लोक वेगळे असतात, त्यांना विचार. तू फोन ठेवून दिलास. पण डोकं शांत ठेवून विचार कर, मी खोटं काय बोललो? बदलापूरची ती बिल्डिंग सात मजल्यांची आहे. तिचा नकाशा काढणारा वेगळा, सळई बांधणारा वेगळा, फरशी लावणारे तर ठेक्यावरचे, आज इथे आणि उद्या दुसऱ्या साइटवर. त्यांच्यावर देखरेख करायला बिल्डरने पगारी माणसं ठेवली होती. तू गेल्या वर्षी जानेवारीत मला नेलंस तेव्हा मी त्या घरात दीड तास होतो. हॉल पाहिला, ओटा पाहिला, बेडरूमची खिडकी उघडून लावून पाहिली. गॅलरीतून डोंगर दिसतो तो पाहिला. बाथरूममध्ये हात धुतले. एवढ्यावरून माणसाला काय काय कळावं?

बाथरूमचं पाणी दाराकडे येतं हे पौर्णिमेने मला गेल्याच वर्षी सांगितलं होतं, हे खरं आहे. मी म्हटलं होतं, नवीन घर आहे, बसायला वेळ लागतो. आता त्या एका वाक्यावरून मला फासावर देऊ नका. दाराशी पायपुसणं होतं, वायपर होता. आणि सतीशराव त्या सकाळी चष्मा न लावता उठले होते असं तुझ्या आईला पौर्णिमेनेच सांगितलं.

चूक बिल्डरची आहे. त्याच्यावर केस कर, मी साक्षीला येतो.

आईने या खेपेची हळद दळून ठेवली आहे. कोणी तिकडे येणारं मिळालं की पाठवते. उत्तर पाठव.

भिवाजी पडघान
(तुझा बाप आहे, नाव एवढ्यासाठी लिहिलं की तू विसरला असशील तर आठवावं.)

*

आसेगाव, २८ सप्टेंबर २०२५

उत्कर्ष,

तुझं उत्तर आलं नाही ते एका परीने बरंच झालं. पहिल्या पत्रातला शेवटचा टोमणा मी मारायला नको होता.

ते पत्र टाकून घरी आलो तेव्हा तुझ्या आईने विचारलं, काय लिवलं? मी कच्चा कागद काढून तिला वाचून दाखवला. तू ओळखतोसच तिला, मध्ये बोलत नाही. सतीशरावांच्या चष्म्यापर्यंत ऐकलं आणि उठून आत गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली. ती माझी निळी थैली घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "हे नेलं होतं ना तुमी बदलापूरले? म्याच भरून देल्लं होतं. मंग काढलं काहून नाई?"

थैलीत माझा पितळी ओळंबा होता. भिंतीशी दोरी सोडून भिंत सरळ आहे की नाही ते ज्याने बघतात तो. तुझ्या आईने तो ज्या पेपरात गुंडाळून दिला होता त्याच पेपरात होता, जानेवारी दोन हजार चोवीसचा पेपर, आणि त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पावणेदोन वर्षं मी त्या थैलीला हात लावला नव्हता. कामावर शफीकचा ओळंबा वापरत होतो आणि माझा हरवला असं सांगत होतो. तुझी आई माझ्यासमोर बसून राहिली. मला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

तेव्हा आता खरं सांगतो. तू मला साइट पाहायला बोलावलंस तेव्हा म्हणाला होतास, "बाबा, तुमी हो म्हटलं तरच घेतो, नाई तं नाई घेत." पस्तीस वर्षं मी लोकांची घरं बांधली, पण कोणी मला असं म्हटलं नव्हतं. अकोल्याहून गाडीत बसलो ते कल्याणपर्यंत थैली मांडीवरच होती. ठरवलं होतं, चारही भिंतींना ओळंबा सोडायचा, दाराची चौकट काटकोनात आहे की नाही ते गुण्या लावून बघायचं आणि बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतायचं. बाथरूमला औजार लागतच नाही. कोपऱ्यात पाणी ओतायचं, उकिडवं बसायचं आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे ते बघायचं. फरशीच्या या उताराला आम्ही ढाळ म्हणतो. ढाळ चुकला की त्या घरातली बाई जन्मभर वायपर मारत बसते. हे तू दुसरीत असताना मी तुला दाखवलं होतं, शेलूबाजारच्या गुरुजींच्या घरी. पाणी जाळीत गेलं की तू टाळ्या वाजवायचास.

पण साइटवर पाहतो तर पौर्णिमा आणि सतीशरावही आलेले. इन केलेला शर्ट, खिशाला दोन पेनं. पाटबंधाऱ्यातली नोकरी करून रिटायर झालेला माणूस. त्यांनी ऑफिसातल्या माणसाला माझी ओळख करून दिली, "हे आमचे व्याही. बांधकाम ठेकेदार आहेत. यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही." त्या माणसाने लगेच मला गादीची खुर्ची दिली.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. ठेकेदार हा शब्द तुझ्या बायोडाटातला होता, मला माहीत होतं. लग्न जमत होतं तेव्हा तो कागद तू इथे पलंगावर विसरून गेला होतास आणि मी वाचला होता. "वडील: बांधकाम ठेकेदार." तुला कधी वाटलं असेल की बाबाला हे कळलं तर किती लागेल. मला लागलं नाही, उत्कर्ष. मला आवडलं. मी तो दोनदा वाचला. लग्नात कोणी विचारलं तेव्हा मीसुद्धा तेच सांगितलं. म्हणून यातलं काहीही तुझ्या माथी नाही, हे पक्कं समज.

मी थैली खुर्चीखाली सरकवली. ठेकेदार उकिडवा बसत नाही, दुसऱ्याच्या घरात तांब्या मागत नाही. तो खिशात हात घालून हिंडतो आणि मान हलवतो. मी तसा हिंडलो. सतीशरावांनी विचारलं, "काय ठेकेदारसाहेब, पास?" मी म्हटलं, "पास." आणि तू लगेच बुकिंगचा चेक काढलास.

मी पाणी ओतलं नाही. ओतलं असतं तर कळलं असतं. माझा गुन्हा एवढा आहे आणि तो मी कबूल करतो. चष्म्याचं जे लिहिलं ते मागे घेतो.

बाबा

*

आसेगाव, १९ ऑक्टोबर २०२५

उत्कर्ष,

काल पौर्णिमेचा तुझ्या आईला फोन आला. सतीशराव आता वॉकर घेऊन हॉलमध्ये चार पावलं टाकतात, ऐकून बरं वाटलं. पण बाथरूमपर्यंत जायची त्यांची हिंमत होत नाही. दार आलं की पाय लटपटतात म्हणाली. अंग ओल्या फडक्याने पुसून घेतात. एवढा टापटिपीचा माणूस.

मग पौर्णिमा म्हणाली, पप्पांनी निरोप दिला आहे. ठेकेदारसाहेबांना सांगा, त्यांच्या हाताखालचा एखादा चांगला मिस्त्री पाठवा. इथले लोक दोन दिवसांत उरकतात आणि पळतात, त्यांच्यावर विश्वास नाही.

तुझ्या आईने फोन ठेवला आणि मला हा निरोप जसाच्या तसा सांगितला.  मी ओसरीवर जाऊन बसलो. हाताखालचा मिस्त्री. माझ्या हाताखाली उभ्या जन्मात एक शफीक होता, आणि तोसुद्धा मला मोजत नाही.

आज सकाळी त्याच्याकडे गेलो, फरशी कापायची मशीन मागायला. शफीकने सगळं ऐकून घेतलं. त्याला मी तुला दुसऱ्या पत्रात लिहिलं तेच सांगितलं, की थैली काढली नाही, पाणी ओतलं नाही, म्हणून कळलं नाही. तो मशीनचं पातं फडक्याने पुसत होता. पुसता पुसता थांबला आणि म्हणाला, "भिवाजीभाऊ, तुमी दारात उभे राहून सांगता का ढाळ कोनीकडं हाय. पाणी वतायची गरज मले पडते, तुमाले कधी पडली?" मी म्हटलं, त्या दिवशी लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. मशीन दिली, दोन पाती जास्तीची दिली आणि माझ्या तोंडाकडे न पाहता आत निघून गेला.

तर मिस्त्री पाठवतो आहे. त्याचं नाव भिवाजी. दहा नोव्हेंबरला अकोल्याहून बसेन. दिवाळीत नको, सणाच्या दिवसांत पौर्णिमेच्या घरात धूळ नको. फरशी उखडणं, ढाळ नव्याने देणं, पाणी मुरू नये म्हणून खालचा थर, मग फरशी आणि तिचे सांधे भरणं, असं सगळं धरून आठ दिवस लागतील. शेवटचा एक दिवस, कुठे गळतं का ते बघायला, बाथरूम पाण्याने भरून ठेवायचं असतं. तेवढे दिवस तुम्ही अंघोळीची दुसरीकडे सोय करा. मजुरीचा विषय कोणी काढू नये.

एक विचारायचं आहे. आल्या आल्या मी सतीशरावांना सांगणार आहे की मी ठेकेदार नाही. शब्द आधी तुझ्या कागदावर आला होता, म्हणून तुझी परवानगी मागतो. तुला सासऱ्यासमोर खाली पाहावं लागेल, हे मला कळतं. नको म्हणालास तर गप्प राहून काम करीन आणि येईन. उत्तर आलं नाही तर हो समजेन.

रोज संध्याकाळी तुझी आई आणि मी वंदना घेतो. चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा ती स्वच्छ म्हणते. माझे नुसते ओठ हलतात. तिच्या लक्षात आलं आहे असं वाटतं.

बाबा

*

आसेगाव, ३० नोव्हेंबर २०२५

उत्कर्ष,

गाडी वेळेवर अकोल्याला पोचली. तिथून मंगरूळची एसटी लगेच मिळाली. आईने सतीशरावांची तब्येत विचारली, बाथरूमचं विचारलं, तू बोललास का ते विचारलं. मी तिन्हीला चांगलीच उत्तरं दिली. ती म्हणाली, "मंग तोंड असं काहून हाय तुमचं?"

म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि दहा दिवसांत चार वेळा फाडलं.

तू होतास तिथे, तरी मी पाहिलं तसं सांगतो. पहिल्या दिवशी तू ऑफिसला गेलास आणि मी सतीशरावांच्या समोर थैली उघडली. ओळंबा, थापी, रंधा, गुण्या, सगळं ओळीने मांडलं. त्यांना म्हटलं, "सतीशराव, मी ठेकेदार नाही. कधीच नव्हतो. मी मिस्त्री आहे. त्या दिवशी लाज वाटली म्हणून ही थैली उघडली नाही, आणि त्याचं तुम्ही भोगता आहात." वाटलं होतं, ते चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं.

त्यांनी वॉकर बाजूला केला आणि म्हणाले, "मला ते साखरपुड्यातच कळलं होतं, व्याही. तुमचा हात हातात घेतला तेव्हा. सिमेंटने खाल्लेली बोटं ठेकेदाराची नसतात. मला वाटलं, तुम्हाला तसं म्हणवून घ्यायला आवडतं. म्हणून म्हणत होतो."

तीन वर्षं तो माणूस माझं मन राखत होता आणि मी त्याच्यासमोर पोट आत घेऊन चालत होतो. ज्याच्यापासून लपवायचं त्याला सगळं ठाऊक होतं. मी फरशीवर पहिली छिन्नी मारली तेव्हा डोळ्यांत धूळ गेली असं पौर्णिमेला सांगितलं.

मग ते आठ दिवस. सतीशराव रोज खुर्ची दाराशी घेऊन बसायचे आणि काम बघायचे. हे काय, ते कशाला, असं विचारायचे. खाली ढाळ किती द्यायचा ते मी दोरी लावून दाखवलं तर त्यांनी स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. चौथ्या दिवशी ऑफिसातून आलास, पँट वर दुमडलीस आणि न विचारता माल कालवायला बसलास. साहेबांच्या हाताने कालवलेला माल पातळ झाला होता. मी थोडं सिमेंट वाढवलं.

आणि शेवटच्या दिवशी तू तांब्या भरून आणलास. खिडकीच्या कोपऱ्यात ओतलास आणि माझ्या बाजूला उकिडवा बसलास. पाणी निघालं, फरशीवर पसरलं, वळलं आणि जाळीत गेलं. सतीशराव खुर्चीतून पुढे वाकले होते. तू विचारलंस, "आता पास का, बाबा?" मी पास म्हटलं नाही. म्हटलं, त्या दुसऱ्या कोपऱ्यातून ओत. तू हसलास. तुला वाटलं, बाबा आता ताकही फुंकून पितो आहे. मला तो शब्द तोंडात आणवत नव्हता.

तुम्ही आठ दिवस समोरच्या सपनाताईंकडे अंघोळीला जात होता. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या चहा घेऊन आल्या. सातवा महिना आहे त्यांना, हळू चालतात. काम पाहून खूश झाल्या आणि म्हणाल्या, "आमचंही पाणी दाराकडेच येतं, काका. मी टॉवेल टाकून ठेवते." मग माझ्याकडे नीट बघून हसल्या. "तुम्हीच ना ते? बुकिंगच्या दिवशी आम्ही तुमच्या मागेच उभे होतो. तुम्ही पास म्हणालात, तेव्हा आमचे हे म्हणाले, ठेकेदार माणूस स्वतः घेतोय म्हणजे आपण काय बघायचं. आम्ही पण तिथल्या तिथे बुक केलं."

त्या सहज बोलून गेल्या. तू आणि पौर्णिमाही हसलात. सतीशराव त्यांना म्हणाले, ठेकेदार नव्हे, मिस्त्री, आणि असा मिस्त्री तुम्हाला बदलापुरात मिळायचा नाही. किती अभिमानाने सांगितलं त्यांनी. पुढे म्हणाले, "लाजेपोटी त्यांनी तेव्हा पाहिलं नाही, एवढंच. माणसाकडून होतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. 

दुसऱ्या दिवशी तू मला कल्याणला सोडायला आलास. थैली मी घेतो म्हणत होतो, तू ऐकलं नाहीस, खांद्याला लावलीस. ओळंबा तुझ्या पाठीला लागत होता, तू थैली सारखी पुढे ओढत होतास. गाडीला वीस मिनिटं होती. तू म्हणालास, "बाबा, म्या फोन नाई उचलला, माही चूक झाली." मी काय म्हटलं आठवतं? म्हटलं, जाऊ दे. मोठेपणा घेऊन बसलो. माझ्याजवळ वीस मिनिटं होती आणि तू माझीच माफी मागत होतास, तरी मी सांगितलं नाही.

आता सांगतो.

मी पाहिलं होतं, उत्कर्ष.

त्या दिवशी बाथरूममध्ये हात धुतले. नळ जोरात होता, पाणी खाली सांडलं. मी तिथेच उभा होतो. जाळी डाव्या हाताला होती आणि पाणी उजवीकडे, दाराकडे निघालं. माझ्या पायावरून गेलं. शफीक बरोबर बोलला, मला तांब्या लागत नाही. पाहताक्षणी कळलं की पूर्ण फरशी उलट्या ढाळाने लागली आहे आणि उखडल्याशिवाय दुरुस्त होणार नाही. बाहेर हॉलमध्ये तू पौर्णिमेला सांगत होतास, इथे आईबाबांचा पलंग टाकू. मग सतीशरावांची पावलं वाजली आणि त्यांचा आवाज आला, "काय ठेकेदारसाहेब, पास?"

मी खिशातून रुमाल काढला. वाकलो. उंबऱ्यापासून आतपर्यंत फरशी पुसून कोरडी केली, म्हणजे आत कोणी आलं तर ओघळ कुठे गेला ते दिसू नये. ओला रुमाल खिशात कोंबला आणि बाहेर येऊन पास म्हटलं. त्याच हाताने बुकिंगचा पेढा घेतला.

बाहेर येऊन काय बोलायला हवं होतं तेही मला तेव्हाच माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की घर चांगलं आहे, बाथरूमची फरशी उलटी लागली आहे, ती बदलून द्या, मग चेक घ्या. बिल्डरने दिली असती. चेक अजून तुझ्या खिशात होता. पण ते दाखवायला मला सगळ्यांसमोर उकिडवं बसावं लागलं असतं आणि मिस्त्रीसारखं बोलावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी तुझं घर पुसून टाकलं.

म्हणजे दुसऱ्या पत्रात मी जो गुन्हा कबूल केला तो गुन्हा मी केलाच नव्हता. लाजेने पाहिलं नाही, असं म्हटलं की माणसं माफ करतात. तुम्ही सगळ्यांनी केलंत. मी ती माफी घेतली, जेवलो, थैली तुझ्या खांद्यावर दिली आणि घरी आलो. पाहून पुसलं, याला कोणी माफ करावं असं मला वाटत नाही. काही महिन्यांनी पौर्णिमेने विचारलं तेव्हाही, घर बसायला वेळ लागतो म्हणालो. फरशीचा ढाळ कधी बसत नाही हे आसेगावातलं कोणतंही पोर सांगेल. त्या दिवशी खरं बोललो असतो तरी सतीशराव आज वॉकरवर नसते.

तुझ्या आईला हे सगळं काल वाचून दाखवलं.  ती म्हणाली, "फाडू नका आता. टाका पोस्टात."

हे पत्र सतीशरावांना वाचून दाखव. त्यांच्या समोर बसून सांगायची माझी ताकद झाली नाही, आठ दिवस ते हातभर अंतरावर होते तरी. पौर्णिमेलाही दाखव.

मी बारा डिसेंबरला येतो आहे. सपनाताईंना त्यांचं बाळंतपण होण्याआधी बाथरूम करून द्यायचं आहे. त्यांना मी कालच फोन करून सांगितलं, आणि का करतो आहे तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, या. शफीकही सोबत येतो आहे. त्याला मी काही सांगितलं नाही, तरी तो तयारीला लागला.

मुक्काम आमचा खाली वॉचमनच्या खोलीशेजारी होईल, त्याची सोय सपनाताईंच्या घरच्यांनी केली आहे. तेव्हा तुझं दार उघडायचं की नाही याची ओढाताण करून घेऊ नकोस. उघडलं नाहीस तर फोनबद्दल केली तशी तक्रार मी करणार नाही. मी समोरच असेन आठ दिवस, उकिडवा बसलेला. दाराच्या भिंगातून पाहिलंस तर दिसेन.

काम संपेल त्या दिवशी तांब्या सपनाताईंच्या हाती देईन. पाणी त्या ओततील. पास म्हणायचं की नाही ते त्याच सांगतील.

बाबा